पुढची तारीख

खुर्ची परवा विकली.
वारज्याचा मुलगा आला होता, नुकता पास झालेला.
त्यानं पेडल दाबलं, दिवा फिरवला,
आणि म्हणाला, मॅडम, एकदा बसून दाखवता?
मोटर वजन उचलते का बघू.

अकरा वर्षांत मी त्या खुर्चीत कधी पडले नव्हते.
मागे मागे गेले
आणि दिसलं छत :
पंख्याशेजारी ओलीचा तपकिरी डाग,
डागाच्या काठावर चिकटवल्यासारखी पाल.
म्हणजे एवढी वर्षं सगळे हे बघत होते,
आ वासून,
आणि मी वरून विचारत होते, दुखतंय का?
नेमकं बोलता येत नसताना.

डब्लिनच्या बाईंनी पडद्यावर विचारलं होतं,
एकोणचाळिसाव्या वर्षी हे सगळं सोडून व्यवस्थापन कशासाठी?
मी पाठ केलेलं म्हटलं :
आवाका, नेतृत्व, आरोग्यसेवेची साखळी.
त्या टिपून घेत होत्या.
मानेतल्या दोन मणक्यांचं सांगितलं नाही,
आणि हेही नाही, की
दिवसाला बारा माणसं भेटतात बिबवेवाडीत
आणि एकाचंही वाक्य पुरं होत नाही.

मार्केट यार्डच्या शाखेत
आईनं जामीनदार म्हणून सही केली,
पोस्टात तीस वर्षं ठोकलेल्या शिक्क्यासारखी, जोर देऊन.
साहेब म्हणाले, नोकरीची खात्री काय?
आई म्हणाली, दातांच्या वेळी तरी कुठे होती?
घरी येताना रिक्षात मात्र
ती नातूबाग येईपर्यंत गप्प.

मेहरून कपाट रिकामं करत होती.
न मागता हातात हवं ते ठेवणारी मेहरून,
आरसा, चिमटा, कापसाची गुंडाळी,
मी नुसता पंजा उघडायचा.
तिकडं काय शिकवणार? तिनं विचारलं.
म्हटलं, माणसं कशी सांभाळायची, हिशोब कसा वाचायचा.
मग इथला हिशोब कोण वाचत होतं? म्हणाली
आणि सुतळी दातांनी तोडली.
दातांनी नको!
मी सवयीनं ओरडले.

प्लास्टरचे साचे कुणीच नेईना.
भंगारवाल्यानं हात जोडले.
पेन्सिलीनं लिहिलेली नावं : शहाणे, बागवान, कु. ईशा,
आणि केळशीकर, जे दोन वर्षांपूर्वी गेले
आणि अजून खोक्यात खालच्या सात दातांनी हसतायत.
ते मी वर्तमानपत्रात गुंडाळले. कुठे नेणार, माहीत नाही.
तेवीस किलोत बसत नाहीत.

उरलेले रुग्ण समोरच्या पानश्यांकडे दिले.
पाटीच्या भांडणावरून सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
फायली घेताना ते म्हणाले,
तुमचं काम नीट असतं.
बस, एवढंच. चहा नाही.

आज गुरुवार, नळाला पाणी नाही.
बादलीतलं शेवटचं ओतून फरशी पुसली.
खुर्चीच्या जागी चार बोल्टांची भोकं,
आणि मी अजून तिला वळसा घालून चालतेय.
दात काढल्यावर मी बजावायचे,
सारखी जीभ नेऊ नका तिथे.
कुणी ऐकलंय कधी?

शटर ओढलं. पंजा उघडला.
मेहरूननं त्यात कुलूप ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस,
गाल सुजलेला, रुमाल धरलेला,
कामाचा निळा शर्ट अंगात.
बंद झालं का, ताई?
खाली झेरॉक्सच्या दुकानात लाईट गेली होती.
मोबाइलचा दिवा लावला,
पायरीवर बसले, त्यालाही बसवलं.
म्हटलं, आधी सांगा.
तो सांगत राहिला :
रविवारी सुरुवात झाली, मग रात्रपाळी,
मग सुपरवायझर, मग मुलीची परीक्षा, मग लवंग.
मी मध्ये बोलले नाही.
मेहरून कठड्याला टेकून उभी.
आठ वाजून गेले.

मग म्हटलं, आ करा.